चार नंबरची स्लाइड

हे सगळं दोन हजार दहा सालचं. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्या वर्षी प्रयोगशाळेत मला बत्तीस वर्षं पूर्ण झाली, आणि त्याच वर्षी गोटीची मान खाली यायला लागली.

गोटी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी. लहानपणी एका जागी ठरायची नाही. फरशीवर सोडलेली गोटी जशी पलंगाखाली, कपाटाखाली, कुठेही जाते, तशी. दादानेच ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. मोठी झाल्यावर ती शहराच्या बससेवेत ड्रायव्हर झाली. तिच्या डेपोत एकशेदहा ड्रायव्हर, त्यात बायका चार. बाकीच्या तिघींना लोक ताई म्हणत, हिला कप्तान. चौतीस वर्षांची होती. लग्नाचं नाव काढलं की म्हणायची, रोज साठ माणसांना घेऊन फिरते, त्यात आणखी एकाची भर कशाला. ती आणि तिची आई, म्हणजे माझ्या वहिनी, अशा दोघी राहत. मी दोन गल्ल्या सोडून एकटी. रविवारी दुपारी त्यांच्याकडे जेवायचं हा आमचा जुना शिरस्ता.

दादा गेला तेव्हा गोटी अकरा वर्षांची होती. तो रंगाच्या कारखान्यात होता. आधी त्याचे दंड गेले, मग मान, मग श्वास. दीड वर्षात सगळं आटोपलं. रंगाच्या वाफांनी नसा जळाल्या, असं कारखान्यातलेच लोक म्हणाले, तेव्हाच्या डॉक्टरांनीही होकार भरला, आणि आम्ही तेच धरून बसलो. वहिनींनी त्यानंतर घराला तेलरंग लागू दिला नाही. भिंतींना चुना, दारं-खिडक्या उघड्या लाकडाच्या. कारखान्याच्या मालकाचा विषय निघाला की त्या भांडी जरा जोरात ठेवायच्या.

मानेचं प्रकरण गोटीने आधी हसण्यावारी नेलं. संध्याकाळच्या फेरीला आरशात रस्ता दिसायच्या ऐवजी स्वतःचे गुडघे दिसतात म्हणाली. तिचा कंडक्टर चिडवायचा, कप्तान, रस्त्यावर काही हरवलंय का? मग ती हनुवटीखाली जाड मफलर गुंडाळून बसायला लागली, म्हणजे मान टेकायला आधार. पुढे उजवा खांदा. हँडब्रेक ओढायला दोन हात लागायला लागले. एका रविवारी तिने वरच्या फळीवरचा डबा काढायला हात वर केला आणि तो अर्ध्यातच थांबला. तिने माझ्याकडे बघितलं, मी वहिनींकडे बघितलं, वहिनींनी कुणाकडेच बघितलं नाही. डबा मी काढून दिला.

नसांच्या डॉक्टरांनी आम्हाला सरळ सांगितलं. दोन शक्यता आहेत. एका आजारात शरीर स्वतःच्याच नसांवर उलटतं. त्याला सलाइनमधून देण्याचं औषध आहे, माणूस पुन्हा कामाला लागतो. दुसऱ्याला औषध नाही. दोन्ही सुरुवातीला सारखे दिसू शकतात. वडिलांना काय झालं होतं, असं त्यांनी विचारलं. वहिनी म्हणाल्या, रंगाचा कारखाना. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं, पण पेन खाली ठेवलं नाही. रक्त तपासायला परदेशी पाठवलं. उत्तर यायला पाच महिने तरी लागतील म्हणाले. आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, तुम्ही बाईंच्या प्रयोगशाळेत आहात ना, मग तुमच्याकडे आधी कळू शकतं. बाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख.

इथे आमच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं.

आपल्या प्रत्येक पेशीच्या मधोमध एक केंद्रक असतं. त्याच्याभोवती भिंत, आणि भिंतीला हजारो बारीक दारं. लहानसहान कण त्या दारांतून आपोआप आत-बाहेर करतात. मोठ्या प्रथिनांना ते जमत नाही. दारात एक दाट जाळं असतं, त्यात ती अडकतात. त्यांना आत न्यायला वेगळी प्रथिनं असतात. शास्त्रीय पुस्तकात त्यांची लांबलचक नावं आहेत; आमच्या बाई त्यांना हमाल म्हणायच्या, म्हणून आम्हीही हमालच म्हणायचो. हमाल रिकामा फिरत असतो. आत जायच्या प्रत्येक प्रथिनाच्या अंगावर एक खूण असते, साखळीतला एक लहानसा तुकडा. कुणाची मध्ये असते, कुणाची अगदी शेपटीला. हमालाच्या अंगात त्या खुणेच्या मापाची एक खोबण असते. खूण खोबणीत बसली की त्याची पकड बसते, तो प्रथिनाला घेऊन जाळ्यातून सरकत आत जातो. आत एक चिमुकलं प्रथिन त्याला येऊन चिकटतं, त्याची पकड सुटते, ओझं आत राहतं आणि तो पुन्हा बाहेर येतो. दिवसभर, आयुष्यभर हेच. प्रथिन मोठं की लहान, कामाचं की बिनकामाचं, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. खूण बसली तर नेतो.

माझी उमेदीची वर्षं या हमालांना शोधण्यात गेली. आम्ही पेशीच्या बाहेरच्या पापुद्र्याला एका साबणासारख्या औषधाने भोकं पाडायचो. आतलं सगळं पाणी वाहून जायचं, हमालांसकट, आणि केंद्रक मात्र जसंच्या तसं राहायचं. मग ताजा पेशीरस आणि चमकणारं प्रथिन घालायचं आणि वीस मिनिटं थांबायचं. रस चांगला असेल तर केंद्रकं काळोखात दिव्यांसारखी उजळत. रस जरा उबला असेल, किंवा साबण जास्त पडला असेल, तर चमक बाहेरच राहायची आणि मधे काळा खड्डा. शंभरदा तसा खड्डा पाहिला असेल मी, आणि शंभरही वेळा चूक माझी निघाली. बर्फ वितळलेला, नाहीतर घड्याळाकडे दुर्लक्ष झालेलं. बाईंचा एक नियम होता, तो त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून थंड खोलीच्या दारावर चिकटवला होता: पेशीला दोष देण्याआधी आपला हात बघा. नव्या माणसाला तो मीच वाचून दाखवायची. माझा त्यावर देवावर असावा तसा विश्वास होता.

गोटी आजारी पडायच्या आदल्याच वर्षी कळलं होतं की औषध नसलेल्या त्या आजाराच्या काही घराण्यांत एका ठरावीक प्रथिनाची शेपटी बिघडलेली असते. त्या प्रथिनाची खूण शेपटीलाच असते. साखळीतला एखादाच मणी बदललेला, पण हमालाची पकड नीट बसत नाही, आणि ज्याने केंद्रकात असायचं ते प्रथिन बाहेर साचत जातं. डॉक्टरांकडे अशा संशयातली तीन माणसं होती, त्यात गोटी. प्रत्येकाच्या दंडाच्या कातडीचा मसुराएवढा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी आमच्याकडे वाढवायच्या, त्या प्रथिनाला चमक लावायची आणि ते कुठे आहे ते बघायचं, असं ठरलं.

बाईंनी मला आधीच विचारलं होतं, घरचं माणूस आहे, तू बाजूला राहतेस का? मी नाही म्हटलं. माझ्यापेक्षा बऱ्या हाताचं कुणी नाही, असं मला वाटत होतं, आणि ते खरंही होतं. मग बाईंनी अट घातली की मोजणी आंधळी होईल. आमच्याकडे एक सहकारी होते, पन्नाशीचे, बारा महिने लोकरीची टोपी घालायचे म्हणून त्यांना सगळे टोपीभाऊ म्हणत. त्यांनी सात बाटल्यांवर नंबर टाकले: तीन आजारी माणसं, तीन धडधाकट, आणि एक आमची नेहमीची जुनी पेशी. कुठला नंबर कुणाचा ती यादी त्यांच्या कुलपात. मी पेशी वाढवायच्या, स्लाइड करायच्या, मोजायचं, आणि तोंड बंद ठेवायचं.

पेशी सावकाश वाढल्या. मे महिन्याच्या अखेरीला पहिल्या सात स्लाइड तयार झाल्या. मी अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकापुढे बसले, एकेक लावत गेले. एक, दोन, तीन: केंद्रकं उजळलेली. चार नंबर लावली आणि माझा हात चाकावरच राहिला. केंद्रकात चमक होती, पण फिकी. बाहेर, सगळ्या पेशीभर, ठिपके. कुठे दाट, कुठे विरळ. पाच आणि सहा चांगल्या. सातमध्ये थोडीशी तशीच गडबड, पण चारसारखी नाही.

मी वहीत काय लिहिलं ते मला तोंडपाठ आहे. ‘स्लाइड ४: ट्रेच्या कोपऱ्यात होती, वाळली. रद्द.’ आणि स्लाइड काचेच्या कचऱ्यात टाकली.

ती वाळली नव्हती. पण मला तसं दिसलं, अगदी खरोखर दिसलं. कडेला कोरडेपणा आहे असं वाटलं. बत्तीस वर्षं चमक बाहेर दिसली की मी आधी कोपरा आणि घड्याळ बघितलं होतं. त्या दिवशीही तेच केलं आणि स्वतःला शाबासकी दिली की घरचं माणूस असूनही मी नियम सोडला नाही.

पुन्हा पेशी लावायच्या म्हणजे तीन आठवडे. याच तीन आठवड्यांत डेपोतली जागा निघाली.

डेपोत काचेची एक केबिन होती, तिथून गाड्यांची घोषणा व्हायची. अमुक नंबरची गाडी, तमुक फलाट, दहा मिनिटं उशिरा. तिथले गृहस्थ निवृत्त होत होते. आगारप्रमुखांनी गोटीला बोलावून विचारलं, कप्तान, बसतेस का तिथे? बसून काम, मान टेकायला उंच पाठीची खुर्ची, तोंडापुढे माइक. तुझा आवाज सगळ्या डेपोला माहीत आहे. जूनच्या तीस तारखेपर्यंत कळव. फक्त एक नियम होता. तब्येतीच्या कारणाने एकदा स्टिअरिंग सोडलं की ड्रायव्हरचा बिल्ला कायमचा जमा. पुन्हा बरं वाटलं तरी गाडी मिळायची नाही.

म्हणजे सगळं यावर येऊन ठेपलं की आजार कुठला. पहिला असेल तर औषध घ्यायचं, चार-सहा महिने रजा, आणि पुन्हा चाकावर. दुसरा असेल तर आत्ताच्या आत्ता केबिन घ्यायची, कारण एकदा हात पूर्ण गेले की कुणी नव्याने कामावर घेणार नाही, पण केबिनमध्ये असलेल्या माणसाला आवाज आहे तोवर कुणी उठवणार नाही. गोटीला घरात बसायचं नव्हतं. तिचं म्हणणं एवढंच होतं. मरायचंच असेल तर डेपोत, गाड्यांच्या आवाजात. आईच्या भांड्यांच्या आवाजात नको, असं तिने मला हसत सांगितलं, वहिनी आत असताना.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मी दुसऱ्यांदा स्लाइड केल्या. चार नंबर तशीच. या वेळी मी इनक्युबेटरचं तापमान तपासलं. ते अर्ध्या अंशाने जास्त होतं. सापडलं, म्हटलं. उष्णतेने हमाल मंदावतात हे सगळ्यांना माहीत आहे. वहीत लिहिलं, ‘तापमान जास्त, रद्द.’ बाकीच्या सहा स्लाइडही त्याच इनक्युबेटरमधून निघाल्या होत्या, हे माझ्या मनात आलंच नाही असं म्हणणार नाही. आलं, आणि गेलं.

त्या रविवारी जेवण झाल्यावर मी गोटीचे केस विंचरत होते. तिला आता मागे हात जात नव्हता. वहिनी शेजारी गेल्या होत्या. गोटी आरशाकडे न बघता म्हणाली, “आत्या, मला माहितीये तुला बोलायचं नाहीये. हो-नाही नको सांगूस. फक्त एवढं सांग, केबिनला हो म्हणू की थांबू?”

मी कंगवा चालवत राहिले. मला तिची बाटली कुठली ते माहीत नव्हतं, हे खरं. चार नंबरच्या पेशी हातात घेताना मी जास्त हळू होत असे, हेही खरं.

“अजून कुणाचंच काही दिसलेलं नाही,” मी म्हटलं. “एक स्लाइड बिघडतेय, ती परत करतेय. तू घाई करू नकोस.”

“थांबू म्हणतेस?”

“थांब.”

तिने सुटकेचा श्वास टाकला तो माझ्या मनगटाला लागला. तीस तारखेला तिने आगारप्रमुखांना नाही म्हणून कळवलं. जागा एका मेकॅनिकला मिळाली, पायावर जॅक घसरून लंगडा झालेल्या.

तिसऱ्या खेपेला मी काही बाकी ठेवलं नाही. इनक्युबेटर नवा. चार नंबर ट्रेच्या अगदी मधोमध, बाजूला ओला कागद. औषधं त्याच सकाळी बनवलेली. घड्याळ समोर. जुलैच्या मध्यावर, दुपारी तीनच्या सुमाराला, मी स्लाइड लावली आणि बाईंना हाक मारली.

बाई तेव्हा बासष्टच्या होत्या. गुडघे दुखायचे, म्हणून अंधाऱ्या खोलीत एक उशी ठेवलेली असे. त्या बसल्या, बराच वेळ चाक फिरवत राहिल्या. मग माझी वही मागितली आणि मागची पानं चाळली.

“शेजारच्या सहा कुणी केल्या?”

“मीच.”

“याच ट्रेमध्ये?”

“हो.”

“हेच पाणी, हीच औषधं? तिन्ही वेळा?”

“हो, बाई.”

त्यांनी वही मिटली. “मग तुझा हात चांगला आहे ग,” म्हणाल्या.

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या हाताची स्तुती पहिल्यांदा केली. मी भिंतीला टेकून उभी राहिले. बाहेर टोपीभाऊंनी कुलूप उघडल्याचा आवाज आला. यादी घेऊन ते दारात आले, पण वाचेनात. टोपी काढून हातात धरली. त्यांचं डोकं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, पार टकलं होतं. मग बाईच म्हणाल्या, असू दे, ठेवा ती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डेपोत गेले. गोटीला चार दिवसांपूर्वीच गाडीवरून उतरवलं होतं, तात्पुरतं, पण सवयीने ती जायची आणि उभ्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसून डबा खायची. मी चढले आणि तिच्या मागच्या सीटवर बसले. मग तिथून तोंड दिसेना म्हणून उठून पुढे दांड्याला धरून उभी राहिले. उभ्या गाडीत.

मी तिला हमालांची गोष्ट सांगितली. सांगून झाल्यावर म्हणाली, “म्हणजे माझं ते जे काय आहे ते थांब्यावर उभं आहे, हात करतंय, आणि गाडी पुढून निघून जातेय.”

“तसंच.”

“मी कधी कुणाला थांब्यावर सोडून गेले नाही ग.” मग, “त्याला कुणी सांगू शकत नाही का? त्या हमालाला?”

“नाही.”

“तू तर एवढी वर्षं त्यांच्यातच आहेस.”

“ओळख आहे. ऐकत नाहीत.”

ती थोडी हसली. मग मी तिला ते सांगितलं, जे सांगायला खरं तर आले होते. मे महिन्यातच दिसलं होतं. पहिल्याच स्लाइडवर. मी वाळली म्हणून फेकली. दुसरी उष्णतेने बिघडली म्हणून फेकली. तीस तारखेच्या आधी दोनदा माझ्या डोळ्यांसमोर होतं ते.

समोरच्या फलाटावर एक गाडी लागली, माणसं उतरली, माणसं चढली. केबिनमधून लंगड्या मेकॅनिकचा आवाज आला, गाडी नंबर चुकीचा सांगितला, मग दुरुस्त केला. गोटी ते ऐकत होती. ती रागावेल म्हणून मी वाट बघत होते, तेवढंच माझ्या हातात होतं. पण तिने डब्याचं झाकण लावायचा प्रयत्न केला. ते बसेना. मी पुढे झाले तर तिने मान नुसती हलवली, राहू दे म्हणून, आणि डबा तसाच उघडा मांडीवर ठेवला.

“बिघाडाचा लाल दिवा लागला ना गाडीत,” ती म्हणाली, “की आम्ही आधी दिव्यालाच टपली मारतो. सगळेच मारतात. चल, मला खाली उतरायला हात दे.”

मी तिथूनच आगारप्रमुखांकडे गेले. भला माणूस होता. खुर्ची दिली, पाणी दिलं, माझं सगळं ऐकून घेतलं. कागद वर गेला होता म्हणाले, सही झाली होती, आणि त्या माणसालाही दुसरी जागा नव्हती. मग मी केबिनमध्ये त्या मेकॅनिकला भेटले. काय मागायला गेले होते मला माहीत नाही. तो उठून उभा राहिला, लंगडा पाय ओढत, आणि म्हणाला, आजी, माझ्या घरीपण चार माणसं आहेत. मी त्याला बसायला सांगितलं. पण तो मनाचा मोठा निघाला. ऑगस्टपासून दुपारी बारा ते एक तो जेवायला जायचा आणि माइकपुढे गोटीला बसवायचा. कागदोपत्री काही नाही. त्या एका तासात गाड्या वेळेवर लागतात असं कंडक्टर म्हणायचे. तीन आठवडे चाललं. मग कुणीतरी वर कळवलं, पत्र आलं की केबिनमध्ये अनधिकृत व्यक्ती बसू नये. त्यानंतर ती डेपोत गेली नाही.

वहिनींना सांगायचं काम माझ्यावर आलं. त्या पूर्ण ऐकून म्हणाल्या, “तुमच्या त्या काचेवर रंगाचा कारखाना दिसतो का हो, वन्सं?” मी नाही म्हटलं. “मग राहू दे ती काच तुमच्याकडे.” तेवीस वर्षं त्यांनी ज्याच्यावर राग धरला होता त्याचा यात काही दोष नव्हता, दादाच्याच रक्तातून ते लेकीत आलं होतं, हे त्यांनी त्या दिवशी मानलं नाही. मीही पुन्हा बोलले नाही. रक्ताचा अहवाल नोव्हेंबरात आला, सात महिन्यांनी. साखळीतला एक मणी बदललेला, अगदी शेपटीला. डॉक्टरांनी माझंही रक्त पाठवलं होतं. माझ्यात काही नव्हतं. आमच्या आईवडिलांपासून आलं की दादातच सुरू झालं, ते आता कुणी सांगू शकत नव्हतं.

गोटी दोन हजार बाराच्या मार्चमध्ये गेली. शेवटचे पाच महिने आवाजही नव्हता, डोळ्यांनी अक्षरं दाखवायची. शेवटी श्वास. घरीच गेली, वहिनींच्या खोलीत. मी होते. मला श्वसनाचं यंत्र साफ करता येत होतं, नळ्या उकळता येत होत्या, माझा हात खरंच चांगला होता.

बाईंनी आमच्या सात स्लाइडवर शोधनिबंध लिहिला. सात नंबरच्या माणसालाही गोटीचाच आजार निघाला, तिसऱ्याला मात्र तो पहिला, औषध असलेला. तो सलाइन घेऊन बरा झाला आणि पुन्हा शाळेत शिकवायला लागला. निबंधात चार नंबरचं मोठं चित्र आहे, खाली ‘रुग्ण दोन’ असं लिहिलेलं. बाई दोन वर्षांनी निवृत्त झाल्या. गेल्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला ओळखलं नाही, पण चहा चांगला दिला. टोपीभाऊ एका औषध कंपनीत गेले. त्यांचं अधूनमधून पत्र येतं. आता ते बिघडलेलं प्रथिन तयारच कमी व्हावं म्हणून पाठीच्या कण्यात औषध देऊन पाहतात, काहींना त्याचा उपयोग झालेला दिसतो, असं मागच्या पत्रात होतं. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि घडी करून ठेवून दिलं. आगारप्रमुख कधीच वारले. मेकॅनिकला केबिनमधून काढलं, कारण आता घोषणा यंत्रावर होते. तो डेपोबाहेर सायकली दुरुस्त करतो आणि मला बघितलं की उठून उभा राहतो.

मी दोन हजार अकरातच नोकरी सोडली होती. वहिनी माझ्याकडे राहतात. एक्याऐंशीच्या आहेत. कान गेले, तरी भांडी अजून त्याच घासतात.

प्रयोगशाळेत द्रव नायट्रोजनच्या टाकीत, खालून तिसऱ्या कप्प्यात, चार नंबरच्या पेशींच्या अकरा नळ्या आहेत. मीच भरून ठेवल्या होत्या. कुणी मागितल्या तर एखादी काढतात, कोमट पाण्यात धरतात, आणि दोन दिवसांत पेशी बाटलीच्या तळाला चिकटून वाढायला लागतात. वहिनींना मी हे सांगितलेलं नाही.